वाढत्या वयातली खेळातली दुखणी: "लचकलंय, चोळा" म्हणण्याआधी

मैदानफिजिओ

शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे बारा-चौदा वर्षांची मुलं लंगडत यायला लागतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा फेऱ्या एकामागून एक लागलेल्या असतात, मध्ये उसंत नसते. सोबत आई-बाबा नाहीतर क्रीडाशिक्षक, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "काही नाही हो, जरा लचकलंय. रविवारच्या मॅचपर्यंत उभं करा." मी फिजिओथेरपिस्ट आहे, कुमार गटातले खेळाडू हेच माझं रोजचं काम. मुलांच्या दुखण्याला मोठ्यांची मापं लावली जातात आणि त्यात पोरांचे महिनेच्या महिने वाया जातात, म्हणून हा धागा काढते आहे.

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पट्टी असते, ग्रोथ प्लेट. उंची वाढते ती इथून. साधारण मुलींमध्ये १३ ते १५ आणि मुलांमध्ये १५ ते १७ या वयात ती मिटते आणि तिथे पक्कं हाड होतं. तोवर ही त्या हाडाची सगळ्यांत कच्ची जागा. मोठ्या माणसाचा पाय मुरगळला की घोट्याचा अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड जोडणारा पट्टा (लिगामेंट), ताणतो किंवा फाटतो. तसाच पाय अकरा वर्षांच्या मुलाचा मुरगळला तर अस्थिबंध टिकतो आणि मार ग्रोथ प्लेटवर जाऊ शकतो. क्रिकेटवाल्या पालकांनी ही पट्टी पाहिलेली असेल. १६ वर्षांखालच्या मुलांची 'बोन टेस्ट' होते, वय ताडायला मनगटाचा एक्स-रे काढतात, त्यात हाडाच्या टोकाशी दिसणारी काळी रेघ ती हीच.

आता सर्वांत जास्त दिसणारं दुखणं, गुडघ्याचं. गुडघ्याच्या वाटीखाली दोन-तीन बोटांवर नडगीच्या हाडाला एक उंचवटा असतो. मांडीच्या पुढच्या स्नायूंची सगळी ताकद एका जाड पट्ट्यातून तिथे येते. खो-खोतली मुलगी पाटीवर बसलेली असते. खो मिळाला की मागच्या पायावर रेटा देऊन उठते, दोन-चार पावलांत पूर्ण वेग घेते, खांबाला वळसा मारते, पुन्हा खो देऊन बसते. दर वेळी तो पट्टा उंचवट्याला ओढतो. उंची झपाट्याने वाढत असते तेव्हा हाड लवकर लांब होतं, स्नायू मागे राहून ताठरतात आणि ओढ आणखी वाढते. तिथे सूज येते, बोट टेकवलं तरी मूल कळवळतं, जिना उतरताना आणि उकिडवं बसताना दुखतं. बॉस्टनचे ऑसगुड आणि झुरिकचे श्लाटर या दोन डॉक्टरांनी १९०३ साली आपापल्या परीने याचं वर्णन केलं, म्हणून नाव ऑसगुड-श्लाटर. नाव ऐकून पालकांचा चेहरा पडतो, पण हा काही भयंकर आजार नाही. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं दुखणं थांबतं, फार तर टेंगूळ राहतं. मधला काळ मात्र वर्ष-दीड वर्षाचाही असू शकतो आणि त्या काळात किती नि कसं खेळायचं हे ठरवावंच लागतं.

टाचेचंही तसंच. आठ ते चौदा वयाचं मूल खेळून आलं की चवड्यांवर चालतं, सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही. टाच दोन्ही बाजूंनी तळव्यांत धरून दाबा. तिथे दुखलं तर बहुधा सेव्हर्स, म्हणजे टाचेच्या ग्रोथ प्लेटचं दुखणं. फुटबॉलचे स्टड किंवा पातळ तळाचे बूट घालून कडक मैदानावर पळणाऱ्यांत फार. बुटात टाचेखाली साधारण एक सेंटिमीटरची मऊ गादी, पोटरी ताणण्याचे व्यायाम, पळणं थोडं कमी. बहुतेकांना एवढं पुरतं.

प्रशिक्षकांनी जरूर लिहावं. दुखणं मैदानावर पहिल्यांदा तुम्हालाच दिसतं.

खोखोचे सर

ताई, चांगला विषय काढलात. मी मराठवाड्यात खो-खो शिकवतो. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे आपल्या महाराष्ट्रातले दोघं कर्णधार, आणि दोन्ही गटांत भारत जिंकला. तेव्हापासून आई-बाप स्वतः मुलींना मैदानावर आणून सोडतात. याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही. पण नवं मूल आलं की तीन महिन्यांत जिल्ह्याला खेळायचं म्हणतं, आणि घरचेही त्याच घाईत.

आम्ही सराव मातीवर करतो, मोठ्या स्पर्धा मॅटवर. मातीत पाय थोडा सरकतो, मॅटवर जागीच धरला जातो. मातीवर शिकलेली मुलं पहिल्यांदा मॅटवर उतरली की घोटे आणि गुडघे बोलायला लागतात. म्हणून मॅटवरच्या स्पर्धेआधी निदान काही दिवस मॅटवर हळू वेगात पळवतो. मातीचं मैदान असेल तर सकाळी पाणी मारून, खडे वेचून घेतो. हे काम मुलांसोबत मी स्वतः करतो. खांबावर सूर मारायला आधी वाळूत शिकवतो, छाती आणि मांडीवर उतरायला. हात टेकून उतरणाऱ्या मुलाचं मनगट किंवा कोपर जाणार हे ठरलेलं.

माझा प्रश्न असा: तुम्ही सांगितलेलं वाटीखालचं दुखणं असलेल्या मुलीला पूर्ण बसवायचं का? आठवडाभर बसवली की बरं वाटतं, पळवली की पुन्हा तेच.

मैदानफिजिओ

सर, पूर्ण बसवू नका, भार कमी करा. नुसतं बसवलं की मांडी कमकुवत होते, मग परतल्यावर तोच गुडघा आणखी लवकर दुखतो. मुलीला दुखणं शून्य ते दहात सांगायला शिकवा. खेळताना तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरलेलं असेल तर चालेल. चारच्या वर गेलं, किंवा लंगडायला लागली, की त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवा.

पाटीवरून उठणं हा तिचा सगळ्यांत मोठा भार. काही आठवडे तिला पाठलागाच्या सरावात कमी आणि बचावात जास्त ठेवा. हुलकावण्या, साखळी पळणं चालू राहू द्या. भिंतीला पाठ टेकून अर्धं बसून राहण्याचा व्यायाम, दुखणार नाही इतक्याच खोलीवर, रोज. मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंचे ताण. सराव संपल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं.

एक कळकळीची विनंती, तुम्हाला नाही, सगळ्याच क्रीडाशिक्षकांना: उशिरा आल्याची शिक्षा म्हणून बेडूकउड्या, बदकचाल, शंभर उठाबशा देऊ नका. वाढत्या गुडघ्यावर याहून वाईट भार मला आठवत नाही. शिक्षा द्यायचीच तर मैदानाला पाणी मारायला सांगा.

गोलंदाजाची आई

मुलगा १४ वर्षांचा, मध्यमगती गोलंदाज, मुंबईत. शाळेची टीम, क्लब, आणि अकादमीचे नेट्स असं तिन्हीकडे खेळतो. शाळेचे सर म्हणतात, मी फक्त आठ ओव्हर दिल्या. क्लबचे सर म्हणतात, आमच्याकडे आठवड्यात एकच मॅच. अकादमीत तासभर नेटमध्ये टाकतो ते कुणी धरतच नाही. तिघंही आपापल्या जागी खरं सांगतात, पण बेरीज कुणाकडेच नाही.

पाठीत खाली डाव्या बाजूला दुखायला लागलं. आधी मसाज, मग मलम, मग "बॅट जड आहे म्हणून". एक्स-रे नॉर्मल आला तेव्हा सगळे निश्चिंत झाले. पण रन-अपच्या शेवटी चेहरा वाकडा करायचा, ते मला दिसत होतं. शेवटी एमआरआय केला तर मणक्याच्या मागच्या भागात स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने हाडाला पडलेली बारीक चीर. आता गोलंदाजी बंद आहे, व्यायाम चालू आहेत. रोज विचारतो, कधी टाकू? अशी किती मुलं असतात? आणि पूर्ण बरं होतं का?

हाडांचा डॉक्टर

ताई, अशी मुलं पुष्कळ असतात. १९९५ साली बॉस्टनमध्ये पाठदुखी घेऊन आलेल्या कुमार खेळाडूंची तुलना पाठदुखीच्या प्रौढांशी केली होती. मुलांमध्ये ४७ टक्क्यांना मणक्याच्या याच भागात दोष सापडला, प्रौढांमध्ये ५ टक्क्यांना. म्हणून मोठ्यांची पाठ दुखली तर आधी थोडं थांबून पाहतो, पण वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलाची पाठ दोन-तीन आठवडे दुखत राहिली तर मी थांबत नाही.

कारण सोपं आहे. चेंडू सोडताना कंबर मागे वाकते, एका बाजूला झुकते आणि वळते, आणि त्याच क्षणी पुढचा पाय जमिनीवर आदळतो. सगळा दाब कंबरेच्या शेवटच्या मणक्यांच्या मागच्या एका अरुंद हाडावर. उजव्या हाताने टाकणाऱ्याचं बहुधा डावीकडे मोडतं. घरी करता येण्यासारखी तपासणी: मुलाला एका पायावर उभं करा, आधार द्या आणि हळूच मागे वाकायला सांगा. नेमकं तिथेच टोचलं तर डॉक्टरांकडे न्या. नॉर्मल एक्स-रेवर विसंबू नका, सुरुवातीची तडा त्यात बऱ्याचदा दिसतच नाही.

बरं होतं. लवकर सापडलेली तडा बहुतेक वेळा शस्त्रक्रियेविना भरते. गोलंदाजी तीन महिने तरी बंद, कधी सहा, आणि परत सुरुवात अर्ध्या रन-अपने. बुमराहचं उदाहरण मुलांना सांगतो. २०१९ मध्ये त्याच्या पाठीत स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, पुढे पाठीनेच २०२२ चा टी-२० विश्वचषक हुकवला, २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर तो पूर्ण वेगाने परतला. मुलांना त्यातलं 'परतला' तेवढं ऐकू येतं. त्याच्या मागचे थांबण्याचे महिने आपण त्यांना सांगायला हवेत.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने कित्येक वर्षं वेगवान गोलंदाजांसाठी मर्यादा लावल्या होत्या: १३ वर्षांखाली एका स्पेलमध्ये, म्हणजे सलग, ५ आणि दिवसात १० ओव्हर, १४-१५ वर्षांखाली ६ आणि १२. हे आकडे तुमच्या तिन्ही सरांना एकत्र दाखवा. आणि बेरीज चेंडूंची करा, ओव्हरची नको, म्हणजे नेटमधलेही येतील.

गोलंदाजाची आई

धन्यवाद डॉक्टर. वही केली आहे, फ्रीजवर अडकवली आहे. तारीख, कुठे, किती चेंडू, पाठ शून्य ते दहात किती. लिहायचं त्यानेच, मी फक्त बेरीज करणार. शाळेच्या सरांनी वहीचा फोटो मागून घेतला.

न्यूजर्सीकर

इथे माझी मुलगी सॉकर आणि मुलगा बेसबॉल खेळतो. लिटल लीगमध्ये पिचरने दिवसात किती चेंडू टाकायचे ते वयाप्रमाणे ठरलेलं आहे: ९-१० वर्षांना ७५, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५. पुढे किती दिवस विश्रांती तेही ठरलेलं. मैदानाच्या कडेला एक पालक फक्त चेंडू मोजत बसतो. कारण कोपराच्या आतल्या बाजूची ग्रोथ प्लेट. आकडा भरला की मॅच कितीही रंगात असो, पिचर बदलतो. इथेही वर्षभर एकच खेळ खेळवायचं वेड आहेच. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलेला हिशेब असा: आठवड्यातले खेळाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत, आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, आणि वर्षात दोन-तीन महिने त्या खेळापासून लांब.

तालमीतला

कोल्हापूरचा आहे. आमच्याकडं पोरगं दहा-बारा वर्षांचं झालं की तालमीत घालत्यात. पहाटे जोर-बैठका, मग आखाडा खणायचा, मग लढती. वस्ताद जुन्या मताचे असले तरी पोरांवर जीव असतो. पण बैठकांचा आकडा मोठ्या पैलवानाचा आणि गुडघा पोराचा, हे मी पण बघितलंय. लाल मातीत पडलेलं लागत नाही, मॅटवर मान आणि खांदा दुखावतो. कान फुगला की बर्फ लावून दाबून बांधायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडं. नाहीतर तो कान तसाच कडक होतो, मग मिरवायला बरा वाटतो पण ऐकू यायला अडचण.

एक विचारतो. आमच्या भागात हात-पाय मोडला की पहिल्यांदा हाडवैद्याकडं जात्यात. पिढीजात माणसं आहेत, पैसे पण घेत नाहीत. सगळंच वाईट का?

हाडांचा डॉक्टर

दादा, माणूस वाईट आहे असं मी म्हणणार नाही. त्यांच्या हाताला सराव असतो आणि गावात रात्री-अपरात्री दार तेच उघडतात. पण एका दुखापतीबद्दल मी तुम्हाला हात जोडून सांगतो. मूल झाडावरून, मल्लखांबावरून किंवा कबड्डीत हातावर पडलं आणि कोपराच्या वर सूज आली, तर त्याला कुणीही ओढू नये, चोळू नये, बांबूच्या पट्ट्या आवळून बांधू नये. या ठिकाणी हाडाला खेटून रक्तवाहिनी आणि नसा जातात. वर घट्ट पट्टी, आत सूज, मध्ये हाताचे स्नायू. रक्तपुरवठा थांबला तर काही तासांत स्नायू मरायला लागतात आणि बोटं कायमची आत वळलेली राहतात. असे हात मी पाहिले आहेत. त्यातला एकही हाडाच्या मोडीमुळे तसा झाला नव्हता, सगळे आवळलेल्या पट्टीमुळे.

प्लास्टर दवाखान्यात घातलं असलं तरी हेच लक्षात ठेवा. घरी गेल्यावर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, बोटं सरळ करताना मूल किंचाळलं, बोटं थंड, पांढरी-निळी किंवा बधिर झाली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजता या.

आणि मोड असो वा मुरगळ, पहिले दोन-तीन दिवस चोळणं नको, शेक नको. हळदीचा लेप लावायचा तर वरवर लावा, हाताने रगडू नका. मुरगळलेल्या पायावर चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे काढा.

कबड्डीवाली

मी मुलींना कबड्डी शिकवते. वर लिहिलेलं घोट्या-मनगटाचं सगळं होतंच, पण मला झोप लागू देत नाही ते गुडघ्यातलं लिगामेंट. चढाईत एकदम वळताना, किंवा कुणाचा धक्काही नसताना, गुडघा आत वळतो, 'कट्' आवाज येतो आणि संध्याकाळपर्यंत सुजून टम्म. चौदा-पंधरानंतर मुलींमध्ये हे मुलांपेक्षा जास्त का होतं? आणि टाळायला काही आहे का?

मैदानफिजिओ

कंबरेची रुंदी, वयात येताना बदलणारी ताकद, आणि मुख्य म्हणजे उडी मारून उतरताना गुडघे आत पडणं. पहिली दोन तुम्हाला बदलता येत नाहीत, तिसरं येतं. मुलीला बाकावरून खाली उडी मारायला सांगा आणि समोरून मोबाईलवर चित्रण करा. उतरताना गुडघे एकमेकांकडे गेले तर तिला शिकवायला हवं.

फुटबॉलसाठी फिफाने तयार केलेला '११+' नावाचा वॉर्म-अप आहे. वीस मिनिटं, साहित्य काही लागत नाही: हळू पळणं, एका पायावर तोल, पोटाचे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, उड्या मारून नीट उतरणं, वळणं. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींवर याचा मोठा अभ्यास झाला, तो २००८ मध्ये छापून आला. एकूण दुखापती साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी झाल्या, गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने. कबड्डीला, खो-खोला तो जसाच्या तसा लागू होतो. अट एकच, आठवड्यात दोन-तीनदा न चुकता. मैदानाला दोन फेऱ्या मारून लगेच पकडी सुरू केल्या तर तो वॉर्म-अप नव्हे.

अजून एक, जे मुली सरांना सांगत नाहीत आणि ताईंना सांगतात. वजन गटासाठी जेवण तोडणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर ते "खेळतेय म्हणून" सोडून देऊ नका. शरीराला अन्न पुरत नाही याची ती खूण आहे, आणि अशा मुलींची हाडं लवकर तडकतात.

दातांची ताई

कुणी दातांचं लिहिलं नाही म्हणून लिहिते. खेळताना पक्का दात मुळासकट निघून पडला तर तो टाकू नका. वरच्या, पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती असेल तर पाण्याने क्षणभर धुवा. जमलं तर त्याच खाचेत परत बसवा, नाहीतर थंड दुधात ठेवा आणि अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्याकडे पोहोचा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

हाडांचा डॉक्टर

दोन गोष्टी राहून गेल्या, त्या सगळ्यांत महत्त्वाच्या.

गुडघा दुखतो म्हणून आलेल्या प्रत्येक मुलाचं मी आधी खुबा तपासतो. दहा ते सोळा वयातलं, विशेषतः अंगाने जाड मूल, लंगडतं, पाय बाहेर वळवून चालतं आणि दुखणं मांडीत किंवा गुडघ्यात सांगतं. दोष असतो खुब्याच्या ग्रोथ प्लेटमध्ये, ती सरकलेली असते. गुडघ्याचे एक्स-रे नॉर्मल येतात आणि महिने निघून जातात. अशा मुलाला चालवतसुद्धा आणू नका. तसंच रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन उतरणं, मार न लागता वाढत जाणारी सूज: ही खेळातली दुखापत समजू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

दुसरी डोक्याची. चेंडू लागला किंवा डोक्यावर पडलं आणि मूल गोंधळलं, तेच तेच विचारू लागलं, चक्कर किंवा अंधारी आली, तर शुद्ध गेली नसली तरी त्या दिवशी खेळ संपला. शंका असली तरी बाहेर. उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, झटका, हातापायात अशक्तपणा यांपैकी काही दिसलं तर थेट हॉस्पिटल.

खोखोचे सर

डॉक्टर, ताई, सगळं पटतं. अडचण सांगतो. दहावीचं वर्ष, राज्याला खेळलं तर सवलतीचे गुण मिळतात, पुढे नोकरीत खेळाडूंचं आरक्षण. आमच्याकडच्या आईबापांसाठी ही छोटी गोष्ट नाही. मूल स्वतःच दुखणं लपवतं. सामन्याआधी कुणीतरी पेनकिलरची गोळी देतो आणि उतरवतो. अशा वेळी मी काय मापाने "नाही" म्हणू? मला आई-बापाला दाखवता येईल असं काहीतरी द्या.

मैदानफिजिओ

सर, पायाच्या दुखापतीसाठी मी मैदानावर हे करून घेते, पालकांना समोर उभं करून. दुखऱ्या पायाचा सांधा चांगल्या पायाइतका पूर्ण वाकतो आणि सरळ होतो का. सूज आहे का. एका पायावर डोळे मिटून उभं राहता येतं का. एका पायावर तीन सलग उड्या मारून किती अंतर जातं ते दोन्ही पायांचं टेपने मोजा. दुखरा पाय चांगल्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत पोहोचला पाहिजे. मग पूर्ण वेगात पळणं, एकदम थांबणं, दोन्ही बाजूंना वळणं, लंगडल्याशिवाय. हे सगळं गोळी न घेता. गोळी घेऊन दिलेली परीक्षा धरायची नाही, कारण गोळी दुखणं झाकते, हाड भरत नाही. लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेल्यांना हे पुरत नाही, त्यांना निदान नऊ महिने आणि सर्जनची परवानगी.

टेपवरचा आकडा पालकांनी स्वतः वाचला की वाद बराच कमी होतो. तुमच्या मुलींची उंचीही दर महिन्याला भिंतीवर खूण करून मोजा. ज्या महिन्यात ती झपकन वाढलेली दिसेल, तेव्हापासून पुढचे काही महिने तिचा सराव आपणहून थोडा कमी ठेवा. फॉर्म आणि तक्ता मराठीत करते आहे, तयार झाला की इथेच टाकते.